कोणाचं, कुठलं, कितव्या मिनिटाला?

वाचकांचे प्रश्न : संगीत

या वेळच्या टपालात इंदूरची पत्रं सर्वांत जास्त आहेत. त्यांच्या मागोमाग देवास आणि ग्वाल्हेर. बहुतेकांचा प्रश्न शेवटी एकाच जागी येतो: ‘लोक सुचवतात ते ऐकलं, पण आवडलं नाही. चूक कोणाची?’ आमच्या मते बहुतेक वेळा सुचवणाऱ्याची. तो कलाकाराचं नाव सांगतो, रेकॉर्डिंग सांगत नाही. ऐका म्हणतो, काय ऐकायचं ते सांगत नाही. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवावं. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकमुखाने इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांचा मारवा राग सुचवला. तीनदा लावला आणि तिन्ही वेळा दहाव्या मिनिटाला बंद केला. काही घडतच नाही असं वाटतं. इंदूरचा असून इंदूरचंच गाणं कळू नये, याची लाज वाटते. (सुदामानगर, इंदूर)

लाज वाटायचं कारण नाही. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी मारवा द्यायचा नसतो. कारण सांगतो. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र. शिवाय षड्ज (सा) वगळलेला नसला तरी गायक त्यावर येऊन सुखाने बसत नाही. रिषभ-धैवतावर रेंगाळतो, षड्जाला बगल देऊन पुढे जातो. तंबोरा मात्र मागे सतत षड्जच वाजवतोय. सरावलेल्या कानाला या ताणातच मारवा सापडतो. नव्या कानाला फक्त एवढंच जाणवतं, की गाणं कुठे टेकत नाही. तुम्ही दहाव्या मिनिटाला उठलात याचा अर्थ तो ताण तुमच्यापर्यंत पोचला होता. त्याचं नाव तेवढं माहीत नव्हतं.

दुसरी अडचण तालाची. खाँसाहेबांचा बडा ख्याल बहुधा झुमरा तालात आणि तोही अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ. झुमरा चौदा मात्रांचा, ३-४-३-४ असा. ठेका असा:

धिं ऽधा तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट । तिं ऽता तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट

मात्रा मोजत बसू नका. त्या लयीत दोन मात्रांमधलं अंतर एवढं लांब असतं, की मोजणारा पाचव्या मात्रेला हमखास घसरतो. त्यापेक्षा डग्ग्यावर (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या, घुमणाऱ्या वाद्यावर) कान ठेवा. आठव्या मात्रेला, ‘तिं ऽता’ येतं तिथे, डग्ग्याची घुमार थांबते आणि आवाज कोरडा होतो. आवर्तनाचा (तालाच्या एका फेरीचा) अर्धा रस्ता तिथे संपला. अकराव्या मात्रेला डग्गा परत घुमतो. त्यानंतर ‘धागे तिरकिट’ आलं की सम (पुढच्या फेरीची पहिली मात्रा) दारात उभी आहे. खाँसाहेबांना तबलजीने साधा ठेका धरलेला आवडे, मध्ये भरणा नको असे. म्हणून त्यांच्याच रेकॉर्डिंगवर हा सराव सोपा जातो. चार आवर्तनं बरोबर सापडली, की गाणं सरकतंय हे आपोआप कळायला लागतं.

आता क्रम. सुरुवात सिनेमापासून करा, त्यात कमीपणा नाही. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) चं शीर्षकगीत खाँसाहेबांनी गायलेलं आहे, अडाणा रागात. काही मिनिटांचाच मामला, आणि आवाजाची ओळख होते. मग त्यांचा हंसध्वनी घ्या: पाचच सूर (मध्यम-धैवत नाहीत), लय चढी, पुढे फारसी ओळ असलेला तराणा. तराण्यातले बोल निरर्थक नसतात, त्यांना फारसी अर्थ आहे, असं ते मांडत. तो सगळा विचार इथे ऐकायला मिळतो. आठवडाभर हे दोनच. तिसरा टप्पा मेघ. तिथे विलंबित आहे, पण राग मोकळा आहे, कान अडखळत नाही. त्यानंतर दरबारी. मारवा सर्वांत शेवटी. आणि सकाळी पोहे खाताना नको, सूर्य मावळायच्या सुमाराला लावा. वेळेचं शास्त्र माना किंवा मानू नका, त्या वेळी घरात दुसरा कालवा कमी असतो एवढा फायदा तर आहेच.

खाँसाहेब रुचले तर पुढे पंडित अमरनाथ, मग सिंह बंधू. आणि निखिल बॅनर्जींची सतार जरूर ऐका. आलापातली ती सावकाश, एकेक सूर जोडत जाणारी बढत कुठून आली ते कुणी सांगायची गरज पडणार नाही.

आमच्या ग्रुपमध्ये साठ जण आहेत. रोज दहा-बारा लिंका येतात आणि प्रत्येकीखाली ‘अप्रतिम’, ‘क्या बात’, हात जोडलेले. ऐकतं कोण, देव जाणे. ग्रुप उपयोगी कसा करावा? (वैशालीनगर, इंदूर)

आधी संख्या कमी करा. दिवसाला एकच लिंक, तीही वारी लावून. तीस मिनिटांच्या वरचं काही असेल तर आठवड्याला एक. दहा लिंका आल्या की माणूस एकही उघडत नाही, हे तुम्हालाही कळलंय.

दुसरं, पाठवणाऱ्याने लिंकेसोबत चार ओळी लिहायच्याच. राग आणि ताल. रेकॉर्डिंग कुठलं: ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी, एलपी, आकाशवाणी की बैठक, आणि माहीत असेल तर साल. एकूण लांबी. आणि शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, कितव्या मिनिटाला काय ऐकायचं. ‘बारा-दहाला अंतरा सुरू होतो, तिथे तार षड्ज घ्यायच्या आधी निषादावर किती थांबलेत ते पाहा’ असं लिहिलं, तर साठातले दहा जण नक्की उघडतात. कारण बारा-दहा कुठे आहे ते माहीत आहे आणि काम दोन मिनिटांचं आहे. ‘स्वर्गीय आनंद’ असं लिहिलं तर कुणीच उघडत नाही.

तिसरं जरा जड जाईल. न आवडलेलंही लिहायची मुभा द्या, अट एकच: जागा दाखवायची. ‘यांना सूर नाही’ हे चालणार नाही. ‘द्रुतात तिसऱ्या तानेनंतर तार गंधार उतरलाय’ हे चालेल. अशी वाक्यं लिहायला लागलेला माणूस दोन महिन्यांत भांडायचा थांबतो, कारण तेवढं लिहायला पुन्हा ऐकावं लागतं.

गुड मॉर्निंगच्या फुलांवर आमच्याकडे उपाय नाही.

एकाच जुन्या तबकडीच्या दोन प्रती नेटवर सापडल्या. एकीत गायिका हार्मोनियमच्या काळी चार पट्टीत गाते, दुसरीत काळी पाचमध्ये. खरी कुठली? घरी आजोबांच्या पेटीत ७८च्या बावीस तबकड्या आहेत, त्या स्वतःच वाजवून पाहता येतील का? (रामबाग, इंदूर)

आधी दोन्ही प्रतींची लांबी पाहा. काळी चार ते काळी पाच म्हणजे दोन अर्धस्वर (मध्ये पांढरी सहा येते). तबकडी एक अर्धस्वर वर जायला वेग सुमारे सहा टक्के वाढावा लागतो, दोनसाठी सव्वाबारा टक्के. म्हणजे पहिली प्रत ३ मिनिटं २० सेकंदांची असेल तर दुसरी जवळपास २ मिनिटं ५८ सेकंदांची हवी. तशी असेल तर फरक तबकडी फिरवण्याच्या वेगाचा आहे. लांबी सारखीच आणि पट्टी वेगळी असेल, तर कुणीतरी संगणकावर पट्टी बदललेली आहे, ती प्रत बाजूला ठेवा.

वेगाची भानगड अशी, की ‘७८’ हा आकडा पुढे रूढ झाला. १९२५च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन भरलेल्या तबकड्या सत्तरीपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठल्याही वेगाने भरलेल्या असत. त्या सगळ्या आज डोळे झाकून ७८वर वाजवल्या जातात. खरा वेग ओळखायला दोन खुणा. एक, पहिल्या काळातले कलाकार शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. ते बोलणं कान देऊन ऐका, गाण्यापेक्षा बोलण्यातली चिरक लवकर पकडता येते. दोन, त्याच कलाकाराच्या त्याच वर्षांतल्या चार-पाच तबकड्यांची पट्टी तपासा. एखादीच दोन अर्धस्वर वर असेल तर ती तबकडी संशयित. स्त्री कलाकार काळी चार-पाचला गात, हे त्या काळी अगदी साधं होतं. तेव्हा नुसती पट्टी उंच आहे म्हणून खोटी ठरवू नका.

आता घरच्या तबकड्या. टर्नटेबलवर ७८चा वेग आहे का ते पाहा, पुष्कळ नव्या यंत्रांत नसतो. सुई वेगळी लागते. एलपीच्या सुईचं टोक साधारण २५ मायक्रॉनचं, ७८च्या खाचेला ७५च्या आसपासचं हवं. एलपीची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन वर्षानुवर्षांचा कचरा वाजवत बसते. लोक मग म्हणतात, तबकडी खराब झालीय. तबकडी बरी असते, सुई चुकीची असते.

वेग तपासायला रेषांची चकती वापरा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ७८साठी ७७ रेषांची आणि ३३ १/३साठी १८० रेषांची चकती. चकती फिरत असताना रेषा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. इथे एक गंमत होते. खोलीत एलईडीचा दिवा असेल तर रेषा नीट उभ्याच राहत नाहीत, कारण चांगला एलईडी विजेबरोबर लुकलुकत नाही. जुना पिवळा बल्ब किंवा निऑनचा लहान दिवा जवळ धरावा.

धुताना स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं पाणी यांतलं काही लावायचं नाही. या तबकड्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलने लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते. कोमट डिस्टिल्ड पाणी, लिटरमागे भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने. मधला कागद भिजू द्यायचा नाही. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवा. आडवी रचून ठेवली तर मेच्या उन्हाळ्यात इंदुरी माळ्यावर ती पापडासारखी वाकते.

आम्ही ग्वाल्हेरचे. इंदूरचे नातेवाईक म्हणतात, ग्वाल्हेरचं गाणं घाईचं, त्यात खोली नाही. त्यांना काय ऐकवावं? (लश्कर, ग्वाल्हेर)

तुमचे नातेवाईक तीन मिनिटांच्या तबकडीची तुलना पन्नास मिनिटांच्या बैठकीशी करत असावेत. तिथेच न्याय संपला.

तुलना करायची तर एकच राग आणि साधारण सारखी लांबी घ्या. मग फरक चटकन दिसतो. ग्वाल्हेरचा गायक आधी बंदिश पूर्ण मांडतो, स्थायी आणि अंतरा दोन्ही, आणि मग विस्ताराला हात घालतो. ताल बहुधा तिलवाडा (१६ मात्रा), लय विलंबित खरी पण मुखडा हाताशी राहील एवढीच. आलाप, बोल-आलाप, बोलतान, सरळ सपाट तान, सगळी अंगं एकापाठोपाठ येतात. इंदूर घराण्यात बंदिश हे निमित्त असतं. स्थायीचा मुखडा आणि मग एकेका सुराची बढत, अंतरा बरेचदा येतही नाही. ज्याला ‘घाई’ म्हणतात ती दुसरी मांडणी आहे. बंदिशीचा नकाशा आधी दाखवायचा, मग गाव फिरवायचं.

ऐकवायला दत्तात्रेय विष्णु पलुस्कर. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली गेले. त्यांच्या छोट्या तबकड्या घ्या. तीन-साडेतीन मिनिटांत बंदिश, बढत, तान आणि तिहाई कशी बसते ते पाहणं हाच धडा आहे. मग मोठ्या लांबीत कृष्णराव शंकर पंडित. आवाज गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. लयीशी चाललेली झटापट ऐकायची. शरच्चंद्र आरोलकर त्या मानाने शांत. टप्पा म्हटलं तर मालिनी राजूरकर, दुसरं नाव सुचत नाही. टप्प्यात शब्दाच्या एकेका अक्षरावर बारीक, तुटक ताना कोसळतात आणि तरीही सम चुकत नाही. तो ऐकल्यावर नातेवाईक घाई हा शब्द वापरतीलच, पण वेगळ्या सुरात.

आणखी एक. ‘बैजू बावरा’मध्ये (१९५२) देसी रागातली ती प्रसिद्ध जुगलबंदी अमीर खाँ आणि पलुस्करांचीच आहे. इंदूर आणि ग्वाल्हेर एकाच गाण्यात. डोळे मिटून ओळखा कुठली ओळ कोणाची. कौटुंबिक वादासाठी यापेक्षा स्वस्त साधन नाही.

फोनवर ऐकतो. खर्ज ऐकूच येत नाही असं वाटतं. खरंच का? (देवास)

खरंच. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्‌झ, त्याचा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज, ६९. फोनचा स्पीकर तीनशेच्या खाली फारसं काही देत नाही. तुम्हाला त्या सुराची वरची सावली ऐकू येते, मूळ सूर येत नाही. डग्ग्याचंही तेच. साधे, तारेचे हेडफोन घ्या, कानात नीट बसणारे. ‘बास’ वाढवायचं बटण मात्र बंद ठेवा, डग्गा फुगतो आणि तंबोरा त्याखाली दबतो.

वडिलांनी १९८० ते ९५ या काळात इंदुरातल्या बैठकांत आणि रेडिओवरून भरलेल्या शंभरेक कॅसेट आहेत. एका दुकानदाराने सगळ्या पेन ड्राइव्हवर करून दिल्या, पण आवाज डब्यातून आल्यासारखा आणि तंबोरा गायबच. पुन्हा करायच्या तर कशा? (स्नेहलतागंज, इंदूर)

तंबोरा गायब होण्याचं कारण जवळजवळ नक्की सांगता येतं: ‘खरखर काढा’ हे बटण. संगणकाला सतत चालणारा, न बदलणारा आवाज म्हणजे खरखर वाटते. तंबोराही सतत चालतो, बदलत नाही. म्हणून खरखरीबरोबर तोही पुसला जातो आणि गायक डब्यात जाऊन बसतो. मूळ कॅसेट अजून हातात आहेत ना? मग काही बिघडलेलं नाही.

आधी प्रत्येक कॅसेट खिडकीतून उजेडात धरून पाहा. टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा पीठ दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात धरते. अशी कॅसेट यंत्रात घालायची नाही. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. वेगळ्या पिशवीत काढून ठेवा, जाणकाराला द्या.

बाकीच्यांना मधोमध, टेपच्या मागे, एका पातळ पट्टीवर चिकटवलेला छोटा फेल्टचा तुकडा असतो. जुना डिंक सुटून तो पडतो. तो नसेल तर आवाज मंद येतो आणि मध्येच बुडतो. पाच स्क्रूंची दुसरी कॅसेट उघडून त्या खोक्यात टेप बदलावी लागते. कडा चिकटवून बंद केलेल्या कॅसेटची पंचाईत होते, ती ब्लेडने शिवणीवर उघडावी लागते. हे काम टेबलावर पांढरा कागद पसरून करा, आतले रोलर उडतात.

वाजवायच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली गुंडाळी एकसारखी होते, वाजताना अडकत नाही. सी-९०ची टेप सी-६०पेक्षा पातळ असते (१२ मायक्रॉन, तिकडे १८), ती यंत्रात खेचली जाण्याची शक्यता जास्त. तिला चालू यंत्रात एकटं सोडून चहा करायला जाऊ नये.

यंत्र शक्यतो जुना चांगला डेक घ्या. हेड आणि त्याशेजारचा धातूचा दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. रबरी चाक फक्त ओलसर फडक्याने. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. दर पाच-सहा कॅसेटींनंतर हे पुन्हा.

आता ज्या गोष्टीकडे दुकानदार बघत नाहीत, ती. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. वडिलांच्या यंत्राचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड एका रेषेत नसेल तर वरचे सूर मरतात. कॅसेट चालू ठेवा आणि स्क्रू अगदी थोडा, एक-अष्टमांश फेरा, दोन्हीकडे फिरवून पाहा. गाण्याकडे लक्ष देऊ नका, तबल्याच्या चाटेकडे (कडेवरच्या टणक बोलाकडे) आणि तंबोऱ्याच्या जवारीकडे (तारेच्या गुंजनाकडे) द्या. चाट कोरीव ऐकू आली की थांबा. एकाच यंत्रावर भरलेल्या सगळ्या कॅसेटना ही जागा साधारण सारखी लागेल. बैठकीच्या कॅसेट दुसऱ्या कुणी भरलेल्या असतील तर प्रत्येक वेळी नवीन. डॉल्बीबद्दल (डेकवरची खरखर कमी करायची सोय) खात्री नसेल तर बंद.

डेकच्या लाइन आउटमधून यूएसबीच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नाही, तिथे आवाज फाटतो आणि बहुधा एकाच बाजूचा भरला जातो. डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. सर्वांत जोरकस तान उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. बैठकीत गायक सुरुवातीला खालच्या आवाजात असतो, म्हणून पातळी वाढवून ठेवतात आणि तासाभराने ताना फाटतात. तेव्हा आधी शेवटची दहा मिनिटं वाजवून पातळी लावा. नव्वद मिनिटांना सुमारे दीड जीबी लागते. शंभर कॅसेटना दीडशे जीबी धरा. पाचशेची डिस्क पुरेल, पण दोन घ्या, आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवा.

या मूळ फायलीला पुन्हा हात लावायचा नाही. खरखर काढायची हौस असेल तर प्रतीवर. रेडिओच्या निवेदकाचं बोलणं, मध्येच कुणाची दाद, खोकला, ‘जरा पंखा बंद करा’, काहीही कापू नका. कार्यक्रम कधीचा, साथीला कोण, हे पुष्कळदा तेवढ्यावरूनच ठरतं. वडिलांच्या अक्षरातली कॅसेटवरची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी फोटो काढून फायलीशेजारी ठेवा. फायलीचं नाव: कलाकार, राग, ठिकाण, तारीख, कॅसेट क्रमांक, बाजू.

ग्रुपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते. आणि नेटवर जाहीर टाकायच्या आधी थांबा. बैठकीतल्या कलाकाराचा सादरीकरणाचा हक्क आपल्या कायद्यात पन्नास वर्षं असतो. १९८५ची बैठक अजून त्यात येते. कलाकार किंवा घरच्यांना विचारून टाका, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क साठ वर्षांचा, पुढच्या जानेवारीपासून मोजायचा. १९६० सालच्या रेकॉर्डचा २०२० अखेर संपला. गाण्याच्या कवीचे आणि संगीतकाराचे हक्क मात्र वेगळे, ते त्यांच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतात.

कुमारजींची (कुमार गंधर्वांची) निर्गुणी भजनं तोंडपाठ आहेत. तिथून पुढे कुठे जावं? राग लावले की हरवल्यासारखं होतं. (महू)

भजनांच्या शेजारचंच दार उघडा: माळव्याची लोकगीतं. १९४८पासून कुमारजी देवासला होते, आजारपणात अंथरुणावर पडून जे कानावर आलं ते त्यांनी नुसतं साठवलं नाही, त्यातून राग काढले. लोकधुनेतून उगवलेले म्हणून ‘धुनउगम’. मालवती, संजारी, लगनगंधार हे तीन घ्या. भजनात ऐकलेली वळणं तिथे रागाच्या अंगात सापडतील, त्यामुळे हरवणार नाही. मग पारंपरिक राग, तेही मध्यलयीतले. विलंबित नंतर.

लांब दमाची तान शोधत बसू नका. क्षयाने फुप्फुस कायमचं अधू झालं होतं, म्हणून वाक्यं छोटी, मध्ये मोकळी जागा, आणि एकदम उसळून आलेला सूर. त्या मोकळ्या जागेत तंबोरे काय करतात ते ऐका. नक्कल करणारे झटका तेवढा उचलतात, जागा सोडायची विसरतात.

नाट्यसंगीताचं वेड असेल तर दुसरी वाट आहे. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमातलं एक पद घ्या आणि बालगंधर्वांची त्याच पदाची तबकडी लगेच मागून लावा. आधी तबकडी, मग कुमारजी, परत तबकडी. बसून ऐकायला विसेक मिनिटं. शब्द आणि चाल ओळखीची असल्याने लक्ष फक्त फरकावर राहतं. वाचून समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या बंदिशींच्या ‘अनूपरागविलास’ या पुस्तकाचा पहिला भाग (१९६५) आहे, पण तो स्वरलिपी वाचता येणाऱ्यांसाठी.

नेटवर एका फायलीवर ‘मारवा’ लिहिलंय, गुरुजी म्हणतात पूरिया. सूर तर तेच. कोण बरोबर? (विजयनगर, इंदूर)

गुरुजी बरोबर असण्याची शक्यता जास्त. नावं टाकणारे पुष्कळदा एकमेकांचं पाहून टाकतात, एक चूक वीस ठिकाणी पसरते. मारवा, पूरिया, सोहनी तिन्हींचे सूर सारखेच. सुरुवातीची पाच मिनिटं ऐका आणि कागदावर फक्त गायक कुठे थांबतो ते लिहा. रिषभ आणि धैवतावर थांबे जास्त तर मारवा. गंधार-निषादावर, आणि मंद्रात (खालच्या सप्तकात) रेंगाळत असेल तर पूरिया. वर तार षड्जाभोवतीच घुटमळत असेल तर सोहनी. भूप-देशकारलाही हाच कागद चालतो: सूर तेच पाच, पण भूप गंधारावर बसतो आणि देशकार धैवतावर. देशकार सकाळचा आहे, तेव्हा जुन्या आकाशवाणीच्या फायलीत निवेदकाने ‘प्रातःकालीन सभा’ म्हटलेलं सापडलं तर अर्धं काम तिथेच झालं. चूक पक्की झाली की फायलीखाली लिहा, वेळ देऊन: ‘२ मिनिटं ४० ते ४ मिनिटं, सहा थांबे, चार गंधारावर.’ नुसतं ‘नाव चुकलंय’ लिहिलं तर कुणी बदलत नाही.